डावी बाजू कोरड्या चटणीची

महाराष्ट्राच्या ताटात डाव्या हाताला जे जे वाढले जाते त्यात लोणचे श्रेष्ठ, हे मत इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे मांडले जाते की त्याला कोणी पुरावा मागत नाही. कैरीच्या फोडी, फेसलेली मोहरी, हिंगाची फोडणी, चिनी मातीची बरणी, तिच्या तोंडाला बांधलेला दादरा, एवढे वर्णन झाले की वाद मिटला असे धरले जाते. वाद मिटलेला नाही. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, लसूण-खोबरे यांच्या कोरड्या चटणीचा या जागेवर लोणच्यापेक्षा मोठा हक्क आहे आणि तो आठवणींच्या आधाराशिवाय, ताटातल्या कामावरून सिद्ध करता येतो.

आधी लोणच्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतला पाहिजे, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच पोटातले आहेत. तो असा: तोंडीलावणे म्हणजे जिभेला जाग आणणारा पदार्थ. तो बोटाच्या पेराएवढा लागावा, घासाला धार द्यावी आणि बाजूला व्हावे. लोणच्याची एक फोड हे काम करते. चटणी मात्र लोक भाकरीबरोबर मूठभर खातात, तिच्यावर तेल घेतात, कोरड्यास नसले तर तिच्यावरच जेवण उरकतात. तेव्हा ती तोंडीलावण्यात धरायचीच कशाला? ते गरिबाचे कालवण आहे.

ही व्याख्या कोणत्या ताटावरून केली आहे हे पाहिले की तिचा डौल उतरतो. ज्या ताटात वरण आहे, तूप आहे, एक पातळ आणि एक सुकी भाजी आहे, शेवटी ताक आहे, त्या ताटात तोंडीलावण्याला पोट भरण्याचे काम उरत नाही. ते फक्त जिभेचे राहते. असे ताट महाराष्ट्रात सदैव थोड्या घरांत होते. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, धाराशिव, बीड, जत या पट्ट्यातल्या बहुसंख्य घरांत रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तिच्याबरोबर जे असेल ते. त्या ‘जे असेल ते’मध्ये चटणी होतीच. तिने जिभेला जाग आणली, शिवाय अंगाला तेलही दिले. एका कामाऐवजी दोन कामे करणाऱ्याला त्याच कारणासाठी स्पर्धेतून काढून टाकायचे, हा न्याय कोणीही स्वीकारू नये.

हे तेलाचे काम किती मोठे आहे ते आकड्यांत दिसते. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग तेल असते आणि पाव भाग प्रथिने. म्हणजे वीस ग्रॅम दाण्यांच्या चटणीत, जी दोन भाकऱ्यांबरोबर सहज संपते, नऊ-दहा ग्रॅम स्निग्धांश आणि पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. त्याच वजनाचे लोणचे घेतले तर काय मिळते? मुख्यतः मीठ. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या लोणच्यासाठी भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनी मिठाचे किमान प्रमाण १२ टक्के ठरवले आहे. तेलातले घरगुती लोणचेही त्याच्या फार मागे नसते. वीस ग्रॅमला दोन ग्रॅमहून अधिक मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. लोणचे थोडेच खावे लागते हा त्याचा गुण म्हणून सांगितला जातो, पण ते थोडे खाण्याशिवाय गत्यंतरच नसते. चटणीत मीठ चवीपुरते पडते, कारण तिला टिकवण्याची जबाबदारी मिठावर नाही.

इथे चटणीच्या चाहत्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. चटणी-भाकरीत सगळे पोषण येते, असे उत्साहाने सांगितले जाते. ते खरे नाही. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. तिळात आणि शेंगदाण्यातही ते मुबलक नसते. ती उणीव डाळीने, दुधा-ताकाने किंवा मांस-मासळीनेच भरून निघते. चटणीची बाजू इतकी बळकट आहे की तिला खोट्या पुराव्याचा टेकू लागत नाही.

आता टिकण्याचा मुद्दा. लोणचे वर्षभर टिकते, चटणी महिन्यात जुनी होते, असे म्हणतात. म्हणतात ते बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चूक आहे. कैरी हे पाण्याने भरलेले फळ. ते तसेच ठेवले तर आठवड्यात सडते, म्हणून त्याला मीठ, तेल, मोहरी, हळद यांचा पहारा बसवावा लागतो. तीळ, जवस, कारळे, शेंगदाणे यांना असा पहारा लागत नाही. चांगल्या वाळलेल्या बियांत पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्याही आत असतो, त्यामुळे बुरशीला आणि जंतूंना वाव मिळत नाही. निसर्गाने बी बनवलेच आहे पुढच्या पावसापर्यंत तग धरण्यासाठी. चटणीची बरणी म्हणजे तिची बी. त्यातून हवी तेवढी काढायची, भाजायची, कुटायची आणि आठ-पंधरा दिवसांत संपवायची. कुटल्यावर मात्र आतले तेल हवेच्या तावडीत सापडते आणि खवट होऊ लागते. जवसाचे तर फार लवकर होते. म्हणूनच जाणत्या घरांत जवसाची चटणी एका वेळी वाटीभरच होते. लोणच्याच्या बरणीतून जूनमध्ये बसलेली एकच चव पुढचा मे उजाडेपर्यंत निघत राहते. चटणीच्या डब्याला दर पंधरवड्याला ताज्या भाजणीचा वास येतो. या महिन्यात कारळे, पुढच्या महिन्यात तीळ, मग दाणे. मिरची कमी करायची, लसूण वाढवायचा, चिंचेचे बोटूक टाकायचे, हे सगळे दर खेपेला नव्याने ठरवता येते. कैरीचे लोणचे एकदा बिघडले की वर्ष गेले.

दाण्यांच्या बाबतीत एक पथ्य आहे आणि ते टाळून चालत नाही. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाण्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. भाजल्याने ते पुरते जात नाही. सुरकुतलेला, काळवंडलेला, कडू दाणा निवडून फेकणे हाच उपाय. सुपात दाणे पाखडून एकेक वेचणाऱ्या बायका हे काम कोणी विषाचे नाव सांगण्याच्या कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत.

सोलापूरच्या शेंगाचटणीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण या वादात तिच्याइतका भक्कम साक्षीदार दुसरा नाही. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, चोळून पाखडायचे, मग लसूण, जिरे, लाल तिखट आणि मीठ घालून उखळात कुटायचे. कुटायचे म्हणजे बारीक पूड करायची नाही. मुसळाच्या दाबाने दाणा फुटतो, चेपतो, त्याच्या पेशी दबून तेल बाहेर येते आणि तिखट-लसणाला त्या तेलात बसायला जागा मिळते. बोटांत धरली की ती दाबून बसते, भाकरीवर टाकली की सुटते. मिक्सरच्या पात्याने हे होत नाही. पाते दाणा कापते, भांडे तापते, आणि क्षणभर जास्त फिरवले की चटणीच्या जागी दाण्याचा लगदा हाती येतो. तिच्याबरोबरची कडक भाकरीही तितकीच विचारपूर्वक बनते: पातळ थापलेली, पूर्ण वाळवलेली, कित्येक दिवस टिकणारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या ज्वारीची भाकरी आणि ही चटणी एकमेकांसाठीच घडली आहेत. कमी पावसाच्या जमिनीने जे दोन कोरडे पदार्थ दिले, त्यांतून लोकांनी एक पुरे जेवण उभे केले. यापेक्षा मोठी पाककला कोणती?

ही चटणी सोलापुरात थांबत नाही. विजापूर, कलबुर्गी, धारवाडकडे जोळद रोट्टीबरोबर शेंगा, अगसी म्हणजे जवस आणि गुरेळ्ळू म्हणजे कारळे यांच्या चटणीपुड्या ताटात येतात. आणखी दक्षिणेला गेले की आंध्रची कंदी पोडी आणि तमिळ घरांतली इडलीवरची मिळगाय पोडी भेटते, तीही वर तेल किंवा तूप घेऊनच. राज्यांच्या सीमा १९५६ आणि १९६० मध्ये आखल्या गेल्या. पठारावरच्या कोरड्या चटणीने त्या कधी मानल्या नाहीत.

लोणच्याच्या बाजूने इतिहासाचाही दाखला दिला जातो. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही तिकडचीच, मग ही चटणी अस्सल कशी? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणाऱ्याच्या बरणीतही तीच मिरची आहे. पोर्तुगीज येण्याआधी या देशात लाल तिखट नव्हते, मग ते लोणच्यातले असो वा चटणीतले. आणि तीळ व जवस तर इथे फार पुरातन. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात नर्मदाकाठच्या नावडातोलीला उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळाच्या थरांत गव्हाबरोबर जवसही मिळाले. त्या माणसांनी त्याची चटणी केली की तेल काढले, याची साक्ष माती देत नाही. पण ही बी इथल्या माणसाच्या ओळखीची होऊन तीन हजारांहून अधिक वर्षे झाली, एवढे ती सांगते.

जवसाच्या बाबतीत चटणीची कृती स्वतःच शहाणपणाची आहे. त्याच्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींतून मिळणाऱ्या ओमेगा-३ चा असतो. पण बी गुळगुळीत आणि टणक. अख्खी खाल्ली तर बरीचशी न पचता निघून जाते. भाजून कुटली की कवच फुटते आणि आतले तेल अंगी लागते. आज शहरांतल्या दुकानांत हीच बी ‘फ्लॅक्स सीड’ म्हणून देखण्या पाकिटात मिळते आणि लोक ती अख्खीच दह्यावर भुरभुरून खातात. वऱ्हाड-नागपूरकडच्या घरांत तिची चटणी रोजच्या डब्यातली होती, तिच्यासाठी कोणाच्या सल्ल्याची गरज पडली नव्हती.

लोणच्याला जो मान मिळाला त्यामागे लेखणीचाही हात आहे. मराठीतले सर्वांत जुने छापील पाकशास्त्र म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मधले. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर आल्या, १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचे खाणे तपशिलाने नोंदवणारे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ यायला मात्र २०१५ उजाडले. मधली १४० वर्षे ज्यांच्या स्वयंपाकघरात कागद-पेन होते त्यांच्या आवडीला प्रतिष्ठा मिळत गेली. शिवाय लोणच्याला माप लागते. किती कैऱ्यांना किती मीठ, किती मोहरी, तेल कधी थंड करून ओतायचे, हे चुकले तर बरणीला बुरशी येते. म्हणून त्याची कृती लिहावी लागली आणि लिहिली गेली म्हणून ती मोठी दिसू लागली. चटणी हाताच्या अंदाजाने होते. जी गोष्ट आई मुलीला न बोलता शिकवते ती पुस्तकात कमी दिसते, यावरून तिची किंमत ठरवणे अन्यायाचे आहे.

‘चटणी-भाकर खाऊन दिवस काढले’ या बोलण्यातली कष्टाची छाया कोणी नाकारू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांच्या फडक्यात तीच होती. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या सामानात आजही असते. पंढरीच्या वाटेवरच्या शिदोरीतही असते. पण ज्याने माणसाला वाईट दिवसांत उभे ठेवले ते हलके, आणि जे फक्त सुबत्तेत शोभले ते श्रेष्ठ, हा निकष कोणत्या बुद्धीचा? उपवासाच्या दिवशी दाण्याच्या चटणीला ताटात जागा असते, मोहरी घातलेल्या लोणच्याला बहुतेक घरांत नसते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांकडे तिळाची आणि कारळ्याची चटणी लसणाशिवाय होते आणि तिचे काहीही अडत नाही. गरीब-श्रीमंत, उपाशी-उपवासी, सगळ्यांच्या ताटात शिरणारे दुसरे तोंडीलावणे दाखवावे.

ठेच्याच्या पक्षाशी भांडण नाही. तव्यावर भाजलेली हिरवी मिरची, लसूण, मीठ, खलबत्त्याचे चार घाव. खानदेशात कळण्याच्या भाकरीबरोबर तो लागतो तसा दुसरीकडे लागत नाही. पण त्याचा मुलुख तिखटापुरता आहे. लहान मूल, म्हातारे माणूस, पोटाचा रोगी यांना तो नाही. आणि ओला असल्याने दोन-तीन दिवसांत त्याचा रंग उतरतो.

खरी लढाई टोमॅटो केचपशी द्यावी लागेल, कारण नव्या पिढीच्या ताटातली डावी बाजू त्याने जवळजवळ बळकावली आहे. हाइन्झने अमेरिकेत १८७६ मध्ये ते बाजारात आणले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक केचपमध्ये शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून अधिक साखर असते. गोड, आंबट आणि खारट या तिन्ही चवी त्यात एकदम ठासून भरलेल्या असतात, त्यामुळे त्याच्याखाली थालीपीठ आहे की कटलेट की पराठा, हे जिभेला कळेनासे होते. तोंडीलावण्याने घासाची चव उजळावी. केचप ती पुसून टाकते. मुले त्याच्यावाचून खात नाहीत असे पालक सांगतात. ज्या मुलाला कधी गरम भातावर मेतकूट आणि तूप, किंवा पोळीवर दाण्याची चटणी आणि दही मिळाले नाही, त्याची आवड ही आवड म्हणून धरता येत नाही. ती सवय आहे, आणि मोठ्यांनी लावलेली आहे.

या लढाईचा निकाल मुंबईच्या रस्त्यावर रोज लागतो. वडापावचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मऊ पाव, मऊ बटाटा, त्यावर बेसनाचे तळलेले कवच. या तिन्हींना जो कोरडा, खरबरीत, झणझणीत जोड लागतो तो लसूण, सुके खोबरे आणि लाल तिखटाच्या चटणीने मिळतो. खोबऱ्याचा कीस वड्याचे तेल धरून ठेवतो, पाव ओला होऊ देत नाही. हिरवी चटणी आणि चिंचेची चटणी गाडीवर असतात, पण त्या मागितल्या तर मिळतात. लसणाची चटणी न मागता पडते. लोणचे घातलेला वडापाव कोणी विकत नाही, आणि केचप घातलेल्या वडापावला मुंबईकर वडापाव म्हणत नाही.

कोकण आणि गोवा या वादात लोणच्याकडे झुकतील असे वाटू शकते, कारण दमट हवेत कोरडे काही टिकवणे अवघड. तरी तिथेही पावसाळ्यात मासेमारी थांबली की घरात जवळ्याची सुकी चटणी होते, गोव्यात सुक्या सुंगटांची किसमूर होते. बियांऐवजी वाळवलेली मासळी आली, रीत तीच: वाळवलेले जपायचे, लागेल तसे भाजायचे, खोबरे-तिखट लावून भाताबरोबर खायचे. आणि परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत तेल गळणारी लोणच्याची बरणी घालताना घरातले दहादा विचार करतात. शेंगाचटणीची पिशवी कपड्यांच्या घडीत निर्धास्त बसते.

मात्र चटणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आता ताटाबाहेरही पाहायला हवे, कारण तिच्यावरचे संकट लोणच्याकडून आलेले नाही. ते शेतातून आले आहे. विदर्भात जवसाचे क्षेत्र गेल्या काही दशकांत आटत गेले आणि सोयाबीन पसरले. नाशिक-नंदुरबारच्या डोंगराळ, हलक्या जमिनीवर आदिवासी शेतकरी पेरत आलेले कारळे, ज्याला तिकडे खुरासणी म्हणतात, तेही मागे सरले. कारळ्याचे मूळ इथिओपियात. तिथे त्याला नूग म्हणतात आणि त्याचे तेल रोजच्या स्वयंपाकात वापरतात. आपल्याकडे ते चटणीत आणि भरल्या वांग्याच्या मसाल्यात टिकून आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने कारळ्याचा हमीभाव क्विंटलला ९,५३७ रुपये जाहीर केला, सोयाबीनचा ५,३२८. भाव पावणेदोनपट असूनही शेतकरी वळत नाही, कारण कारळ्याचे देशातले सरासरी उत्पन्न हेक्टरी तीन-चार क्विंटलच्या घरात, तर सोयाबीनचे त्याच्या अडीच-तीनपट. शिवाय कारळे न्यायला व्यापारी दारात येईल याची खात्री नाही. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांच्या बायका कारळ्याची आणि जवसाची चटणी घेऊन येतात आणि गिऱ्हाईक ती आवडीने नेते. हेच गिऱ्हाईक वर्षभर आपल्या वाण्याकडे कारळे मागत नाही, म्हणून वाणी ते ठेवत नाही, आणि बाजार समितीत त्याचा ढीग लागत नाही. शेंगदाण्याला हा प्रश्न नाही, त्याला तेलाच्या घाण्याचा आधार आहे. कारळ्याला चटणीखेरीज इथे फारसा वाली नाही. वाण्याकडे त्याची मागणी वाढली तरच नंदुरबारच्या उतारावर ते पुढच्या जुलैत पेरले जाईल.